गोव्यात नर्स व्हायचंय? प्रवेश, वॉर्ड, नोंदणी आणि पुढच्या वाटा

बारावीचा निकाल लागला की पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या घराघरांत नर्सिंगची चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॉलेज कुठलं? खरं तर आधी विचारायला हवं की शिकून झाल्यावर आपलं नाव नर्सिंग कौन्सिलच्या, म्हणजे नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या, रजिस्टरमध्ये चढणार का. नर्स म्हणून काम करायला ती नोंदणीच लागते. नुसत्या पदवीच्या कागदावर कुणी इंजेक्शनची ट्रे हातात देत नाही. खालची प्रत्येक पायरी याच कसोटीवर घासून बघा.

१. आधी कोर्स ओळखा

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा. तो मुख्यतः मुलींसाठी, आरोग्य उपकेंद्रं आणि लसीकरणाच्या कामाकडे नेणारा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतो आणि त्यानंतर एम.एस्सी.

आज बारावी सायन्स असेल आणि घरची तयारी असेल, तर सरळ बी.एस्सी. करा. आधी जीएनएम आणि मग पोस्ट बेसिक या वाटेने वर्षं जास्त जातात, आणि केंद्रीय भरतीत जीएनएमवाल्यांना अनुभवाची वेगळी अट लागते. घरची ओढाताण असेल आणि लवकर कमवायला लागायचं असेल, तर जीएनएमही चांगलाच.

बी.एस्सी.साठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के (एससी, एसटींना ४०) आणि इंग्रजीत पास हवं. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण लागतं. मुलगेही येऊ शकतात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. आयसीयू, ऑर्थो आणि मानसोपचार विभागात त्यांना चांगली मागणी असते.

सापळा: ‘सहा महिन्यांत नर्स’, ‘एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशा पाट्या. हे कोर्स असतात नर्सिंग असिस्टंट, जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंट केअर असे. काम प्रामाणिक आहे, पण त्याने नोंदणी होत नाही आणि दहा वर्षं काम केलं तरी स्टाफ नर्स होता येत नाही. पत्राने किंवा ऑनलाइन केलेली मूळ नर्सिंगची पदवीही कुठलंच कौन्सिल धरत नाही.

२. कॉलेज तपासा

सरकारी संस्था म्हणजे बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन. ती गोवा विद्यापीठाला संलग्न आहे आणि बी.एस्सी.पासून एम.एस्सी.पर्यंत शिकवते. तिचं मोठं बळ म्हणजे शेजारचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. गोव्याचे तर झालेच, सावंतवाडी-दोडामार्गाकडचेही अवघड रुग्ण तिथेच येतात. शिकताना जितके वेगवेगळे आजार बघाल तितका पुढे हात स्थिर राहील. म्हणून कुठलंही कॉलेज निवडताना इमारत आणि वसतिगृहाआधी विचारा की प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात होतं, तिथे खाटा किती, त्यातल्या रोज किती भरलेल्या असतात आणि प्रसूती विभाग आहे का. कॉलेजची बस रोज दीड तास लांबच्या हॉस्पिटलात नेत असेल, तर ते वेळापत्रकही मागून घ्या.

प्रवेश परीक्षेबाबत एक गोष्ट वेळेत करा. व्यावसायिक पदव्यांचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होतात, आणि त्या वर्षी कुठल्या परीक्षेचे गुण धरणार ते त्यांच्या माहितीपुस्तिकेत असतं. ती बारावीच्या परीक्षेआधीच वाचा. निकालानंतर वाचायला घेतली तर परीक्षेचा अर्ज भरायची मुदत कधीच उलटलेली असते. नीटचा (वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा) अर्ज भरून ठेवणं शहाणपणाचं. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या बी.एस्सी. प्रवेशालाही नीटचे गुण लागतात (ती वाट फक्त मुलींसाठी आहे, विवाहित मुलींना चालत नाही).

गोव्यातली बरीच मुलं बेळगाव, मंगळूर, बंगळूर गाठतात. जायला हरकत नाही, फक्त कॉलेजचं नाव तीन ठिकाणी ताडून बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेज आहे का, त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का (कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्रात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ). याद्या वर्षावार असतात. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची यादी बघा आणि त्या पानाची छापील प्रत फाइलला लावा. मंजूर जागा ६० आणि वर्गात मुलं ८० अशी स्थिती दिसली, तर जास्तीच्या २० जणांची नोंदणी अडकण्याची शक्यता असते. त्या वीसांत आपण आहोत की नाही, हे कुणी आपणहून सांगत नाही.

२०२३ च्या कायद्याने १९४७ च्या कौन्सिल कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाची तरतूद झाली आहे. त्यामुळे पुढच्या पत्रांवर नावं बदललेली दिसली तर गोंधळून जाऊ नका.

३. कागदपत्रं, आणि त्यावरचं नाव

यादी अशी:

- दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला
- जन्मदाखला
- आधार आणि मोबाइल क्रमांक जोडल्याचा पुरावा
- मामलेदार कार्यालयातला रहिवासी दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला
- प्रवेश परीक्षेचं गुणपत्रक
- डॉक्टरांचं शारीरिक क्षमतेचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो, सगळे एकाच वेळी काढलेले

यादी जमवणं सोपं. गोव्यात खरा घोळ नावाच्या स्पेलिंगचा होतो. जन्मदाखल्यावर ‘पोरोब’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘परब’, आधारवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर मधलं नावच नाही. कुणाचं गावकर दोन-तीन प्रकारे लिहिलेलं. जुन्या पोर्तुगीज पद्धतीच्या नोंदी, शाळेतल्या मास्तरांनी त्यांच्या कानाला वाटलं तसं लिहिलेलं नाव आणि पुढे संगणकावर भरलेलं आडनाव, असे थर चढत जातात. प्रवेशाला हे चालून जातं. नोंदणीला, पासपोर्टला आणि परदेशी पडताळणीला चालत नाही, आणि तोवर पदवीवरही चुकीचंच नाव छापलेलं असतं.

म्हणून पहिल्या वर्षीच बसून सगळे कागद एका ओळीत मांडा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव पाया धरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. जन्मदाखल्यातच बदल लागत असेल, तर गोव्यात नाव-आडनाव बदलायचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. नागरी निबंधकाकडे अर्ज करून ते रीतसर होतं. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागवू नका, परदेशी पडताळणीवाले त्यावर थांबत नाहीत. मुलींनी लग्नानंतर नाव बदलायचं असेल, तर नोंदणी आणि परदेशाचे अर्ज एका नावावर पूर्ण करून मग बदला, नाहीतर अर्ध्यावर सगळं पुन्हा मांडावं लागतं.

मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले, तर पावती घ्या. प्रत्येक कागदाच्या स्कॅन प्रती फोनवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा.

४. पहिल्या वॉर्डाआधी

हिपॅटायटिस बीची लस प्रवेश ठरताच सुरू करा. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे तिसरा डोस होईपर्यंत अर्धं वर्ष जातं, आणि वॉर्ड त्याआधीच सुरू होतो. तीन डोसांनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासून घ्या. पातळी १० च्या (एमआययू प्रति मिली) वर आली की संरक्षण आहे. हा रिपोर्ट पुढे नोकरीला आणि परदेशालाही लागतो.

घ्यायच्या वस्तू थोड्याच: सेकंद काटा असलेलं घड्याळ (मनगटावर नको, खिशाला लावायचं), पुढून बंद आणि न घसरणारे बूट, छोटी वही, निळं आणि लाल पेन, कात्री. स्टेथोस्कोप महागडा घ्यायची गरज नाही. नखं कापलेली, अंगठी-बांगडी काढलेली, केस बांधलेले. यावर पहिल्या दिवसापासून इनचार्ज सिस्टरची नजर असते, आणि असायलाच हवी.

सुई टोचली तर काय करायचं, ते आधीच पाठ करा. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, जागा पिळू नका, लगेच इनचार्जला सांगा, नोंद करवून घ्या. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कसंही करून ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ओरडा बसेल म्हणून लपवणारे विद्यार्थी दर बॅचमध्ये असतात. ओरडा दोन मिनिटांचा असतो.

५. चार वर्षं कशी जातात

पहिल्या सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. तिसऱ्यापासून औषधशास्त्र आणि मोठ्यांचं नर्सिंग. पाचव्या-सहाव्यात बालरोग, मानसोपचार, समुदाय आरोग्य आणि प्रसूतीची सुरुवात, शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिप. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. चतुर्थीला चार दिवस जास्त घेतले की ते नंतर सुट्टीतल्या ड्युट्या करून फेडायचे, एवढं ध्यानात ठेवूनच घरी जा. लॉगबुकवर (केलेल्या प्रॅक्टिकलच्या नोंदवहीवर) सही त्याच दिवशी घ्या. महिन्याने सही मागायला गेलात तर त्या सिस्टरची ड्युटी बदललेली असते.

मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती हिशोबात. कॉलेजात ते एका आठवड्यात उरकतात, वॉर्डात मात्र रोज लागतात. दोनच नमुने देतो.

सलाईन: ५०० मिली ८ तासांत द्यायचं आहे आणि सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं लिहिलं आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, ८ तास म्हणजे ४८० मिनिटं, भागाकार २०.८. म्हणजे मिनिटाला २१ थेंब, आणि घड्याळ धरून १५ सेकंदांत साधारण ५. आता हाच दर मायक्रो सेटवर काढा, तिथे ६० थेंबांचा १ मिली. उत्तर येतं मिनिटाला ६२ ते ६३. सेट बदलला आणि जुन्याच आकड्यावर सोडलं, तर रुग्णाला ठरलेल्याच्या एक तृतीयांश पाणी जातं. म्हणून पाकीट फेकायच्या आधी त्यावरचा आकडा वाचायची सवय लावा.

लहान मुलाचं औषध: १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम लिहिलं आहे, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल तर साडेसात मिली. पण बाजारात ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचीही बाटली असते, आणि कपाटात दोन्ही शेजारी उभ्या असतात. दुसरीतून साडेसात मिली दिलं की ३७५ मिलिग्रॅम गेलं, दुपटीहून जास्त. ऑर्डर कधीही ‘मिली’त ऐकून देऊ नका, मिलिग्रॅम विचारा आणि किती मिलीत किती मिलिग्रॅम ते बाटलीवर स्वतः वाचा.

कचऱ्याचे रंगही पाठच हवेत. पिवळ्यात रक्ताने माखलेलं ड्रेसिंग आणि मुदत संपलेली औषधं, लालमध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज, पांढऱ्या भोक न पडणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काचेच्या बाटल्या. सुईचं टोपण दोन हातांनी परत लावायचं नाही. बऱ्याच टोचण्या तिथेच होतात.

गोव्याच्या वॉर्डात भाषा हाही अभ्यासच आहे. पुस्तक इंग्रजी, रुग्ण कोकणी बोलणारा, शेजारच्या खाटेवर मालवणी किंवा मराठी, पलीकडे कन्नड आणि हिंदी. ‘पोटात कसं होतंय’ हे चारही भाषांत विचारता आलं पाहिजे. मराठी घरातल्या मुलांनी कोकणी बोलण्याचा संकोच पहिल्या महिन्यातच टाकून द्यावा.

६. नोंदणी

पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र हातात आलं की लगेच कौन्सिलकडे अर्ज. गोव्यात शिकलात तर गोवा नर्सिंग कौन्सिल. बाहेर शिकलात तर आधी त्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी, मग तिथून ना हरकत आणि पडताळणी घेऊन गोव्यात. ही दुसरी वाट लांबते, म्हणून निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा अर्जाचे नमुने आधीच मिळवून ठेवा.

नोंदणी ‘नर्स’ आणि ‘मिडवाइफ’ अशा दोन्ही नावांनी झाली आहे ना, ते प्रमाणपत्रावर वाचा. आधारशी जोडलेला राष्ट्रीय नर्स ओळख क्रमांकही घ्यायचा असतो. इथेच स्पेलिंगचा जुना घोळ पुन्हा वर येतो. पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे १५० तास लागतात. दर वर्षी ३० तास जमवत गेलात तर शेवटच्या महिन्यात कार्यशाळा शोधत धावावं लागत नाही. प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र जपा.

विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार तासांचा तक्ता, पास होताच दोन-तीन प्रती काढून घ्या. परदेशी कौन्सिलं थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास मोजतात.

७. पहिली नोकरी

पहिल्या दोन वर्षांत पगारापेक्षा वॉर्ड बघा. आयसीयू, इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, नवजात शिशू विभाग यांतला सलग अनुभव पुढे सगळीकडे चालतो. ओपीडीत नुसते केसपेपर लावले, तर दोन वर्षांनी हातात फारसं काही राहत नाही. खासगी हॉस्पिटलच्या मुलाखतीत बिनधास्त विचारा: हातात किती येणार, पीएफ आणि ईएसआय आहे का, रात्रपाळ्या किती, एका पाळीत किती रुग्ण. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असायला हवी. तिथे एका नर्सकडे असे तीन रुग्ण सांगितले तर ओळखा काय ते.

बाँडवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर) सही करायच्या आधी तो घरी आणून वाचा, आणि मूळ प्रमाणपत्रं जामीन म्हणून देऊ नका.

नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र नीट घ्या: हुद्दा, रुजू आणि सोडल्याच्या तारखा, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, विभाग, हॉस्पिटलच्या खाटांची संख्या, सहीखाली नाव आणि शिक्का. ‘यांनी समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा पुढे काही उपयोग होत नाही.

८. सरकारी नोकरी

गोमेकॉ, म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा हॉस्पिटल (लोक अजून आझिलोच म्हणतात), मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा हॉस्पिटल, फोंडा आणि चिखलीची उपजिल्हा हॉस्पिटलं, बांबोळीची मानसोपचार संस्था आणि तालुक्यांची आरोग्य केंद्रं या मुख्य जागा. राज्याच्या नोकरीला १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं. मराठी येत असेल तर ते जमेचं धरतात. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू ठेवा. जाहिरात आल्यावर दाखला काढायला मामलेदाराकडे धावाल, तर तीच धाव अर्ध्या गोव्याची असते.

कंत्राटी जागांच्या थेट मुलाखती मधूनमधून होतात. अनुभवासाठी घ्या, पण कंत्राट म्हणजे कायम होण्याची पहिली पायरी, असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

गोव्याबाहेर बघायची तयारी असेल तर एम्सची नॉरसेट परीक्षा आहेच. पूर्व आणि मुख्य असे तिचे दोन टप्पे. पद नर्सिंग ऑफिसरचं, वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९०० पासून. बी.एस्सी.वाले नोंदणी होताच बसू शकतात. जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. खाटांचा आकडा पत्रात हवा म्हणून वर सांगितलं, ते यासाठीही.

शिकवण्याकडे कल असेल तर एम.एस्सी. करा. त्यासाठी बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. ५४ वर अडकून हळहळणारे कमी नाहीत. टक्केवारी पहिल्या सेमिस्टरपासून सांभाळा.

९. परदेश

आखाताला आधी कागदांची मूळ ठिकाणी पडताळणी होते. डेटाफ्लो ही कंपनी विद्यापीठाला, कौन्सिलला आणि जुन्या हॉस्पिटलला थेट विचारते, आणि त्यानंतर संगणकावरची परीक्षा. खोटं अनुभवपत्र इथे पकडलं जातं आणि तो शेरा पुसला जात नाही. साधारण दोन वर्षांचा अनुभव धरून चला.

ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा (आयईएल्टीएस ॲकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटीत बी आणि लेखनात सी प्लस), मग संगणकावरची परीक्षा, आणि तिकडे गेल्यावर प्रत्यक्ष कौशल्यांची ओस्की. संगणकाच्या परीक्षेत औषधांच्या हिशोबाचा भाग वेगळा असतो. घरात पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम मिळतं, हा गैरसमज गोव्यात घट्ट आहे. पासपोर्ट कुठलाही असो, गोव्यात शिकलेल्या नर्सला या परीक्षा देऊन तिथली नोंदणी करावीच लागते.

एजंटकडे जाण्याआधी त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधा. २०१५ पासून आखातासह ठरावीक देशांत जाणाऱ्या नर्सना, पासपोर्टवर या परवानगीतून सूट (ईसीएनआर) असली तरी, स्थलांतराची परवानगी लागते, आणि ती पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तिकडे करू’ म्हणत मिळत नाही. परवानाधारक एजंटला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. करारात पगार, कामाचे तास, राहायची सोय, परतीचं तिकीट आणि मुदतीआधी सोडल्यास काय, हे सगळं लिहिलेलं हवं. ई-मायग्रेटवर चढवलेल्या करारातला पगार आणि तुमच्या हातातल्या करारातला पगार एकच आहे का, ते राजीनामा देण्याआधी जुळवून बघा.